ड्रम फिरत होता, हवा थंड होती

माझ्या यजमानांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा ते जाम गावातल्या आमच्या दुकानात विहिरीवरच्या एका मोटरचं वायंडिंग भरत होते. तांब्याची तार हातात तशीच राहिली आणि ते स्टुलावरून कलंडले. मी आतल्या खोलीत शिलाई मशीनवर ब्लाउज शिवत होते. धप्पकन आवाज आला तेव्हा मला वाटलं, मोटर पडली.

वर्ध्याच्या दवाखान्यात तीन आठवडे काढून आम्ही घरी आलो. उजवा हात गेला होता, उजवा पाय गेला होता आणि बोलणं गेलं होतं. एक शब्द तेवढा उरला होता, "बरोबर." पाणी पाहिजे असलं तरी बरोबर, नको असलं तरी बरोबर. कूस दुखली तरी तेच, मुलीचा फोन आला तरी तेच. डॉक्टर म्हणाले, यांना सगळं समजतं, मनात सगळं आहे, पण शब्द सापडत नाहीत. हाच एक वारंवार हाताला लागतो. पहिले काही दिवस मी फसत राहिले. चहात साखर बरोबर आहे का विचारलं की ते बरोबर म्हणायचे आणि तोंड फिरवायचे. मग मी तोंडाकडे बघायचं सोडून दिलं. डाव्या हाताकडे आणि डोळ्यांकडे बघायला लागले.

आमचं घर म्हणजे पुढे दुकान, मागे दोन खोल्या आणि त्यामागे पडवी. दुकानासमोरून हमरस्ता जातो. एकतीस वर्षं एका छताखाली दोन कामं चालली, पण एकमेकांच्या हत्यारांना आम्ही हात लावला नाही. माझ्या कात्रीने त्यांनी कधी तार कापली नाही. त्यांचं करंट तपासायचं मीटर मी कधी उचललं नाही. लग्न नवं असताना एकदा उचललं होतं, तर म्हणाले, "राहू दे, तुले नाई समजत त्यातलं." रागावून म्हणाले नव्हते. पण मी ते मनात ठेवलं. पुढे दुकानात चहा नेऊन ठेवायचा आणि परत फिरायचं, एवढंच.

ते अंथरुणाला खिळले ते पावसाळ्याच्या तोंडावर. चादरी दिवसातून चार-पाच वेळा बदलाव्या लागत. धुवायचं मला काही वाटत नव्हतं, वाळवायचं मोठं संकट होतं. खोलीभर दोऱ्या बांधल्या, पंख्याखाली चादरी पसरल्या, तरी त्या दमटच राहायच्या. श्रावणात त्यांच्या कमरेखाली लाल चट्टा उठला, मग तिथलं कातडं सोललं. ड्रेसिंग करायला येणाऱ्या नर्सबाईंनी बोट लावून चादर पाहिली आणि म्हणाल्या, "काकू, ओलसर चादरीवर ठेवाल तर ही जखम हाडापर्यंत जाईल."

मी हे मुलीला फोनवर सांगितलं. ती पुण्याला असते. तिच्याकडे कपडे वाळवायचं यंत्र होतं, गरम हवेवर चालणारं. धुण्याच्या मशीनमध्ये कपडे पिळायचं असतं ते नव्हे. यात ओले कपडे टाकायचे आणि तासाभराने कोरडे, गरम काढायचे. तिने ते ट्रान्सपोर्टने पाठवून दिलं. पडवीत त्यांनी पूर्वी वेल्डिंगसाठी मोठा पॉइंट काढून ठेवला होता, तो कामी आला. यंत्राच्या मागून एक जाड लवचिक पाइप निघतो, त्यातून ओली हवा बाहेर जाते. शेजारच्या गवंड्याने भिंतीला भोक पाडून तो पाइप बाहेर काढून दिला.

पहिली चादर निघाली ती मी छातीशी धरली. त्यांच्या पाठीखाली घातली तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि कितीतरी वेळ उघडले नाहीत. त्या आठवड्यात जखमेच्या कडा आत यायला लागल्या. नर्सबाईंनी सुद्धा मान डोलावली.

साधारण महिन्याभराने, भाद्रपदात, ड्रायर गरम होईना.

चालत होता. बटण दाबलं की दिवा लागायचा, ड्रम फिरायचा, आतल्या चादरी वर जाऊन धपाधप खाली पडायच्या. तासाने दार उघडलं तर चादर जशीच्या तशी, आणि हवा गार. मी आधी बटणं पाहिली, चुकून गार हवेवर तर नाही ना ठेवलं. नव्हतं ठेवलं. दारात एक जाळी असते, तिच्यावर कपड्यांतून सुटलेला बारीक कापूस जमतो, तो मी रोज काढत होतेच. पुन्हा काढला, जाळी नळाखाली घासली, वाळवली, बसवली. तरी गारच. मुलगी म्हणाली, "आई, व्होल्टेज कमी असेल." शेजारणीकडे विचारलं, तर तिचा गिझर चांगला तापत होता. दोन दिवस मी चादरींना इस्त्री करकरून त्या कोरड्या केल्या. मनगट सुजलं. तिसऱ्या दिवशी ड्रेसिंग सोडलं तेव्हा जखम पुन्हा ओली दिसली.

मग हिंगणघाटहून मेकॅनिक बोलावला. तिशीतला, बोलायला नम्र. त्याने यंत्र ओढून पुढे घेतलं, मागचा पत्रा उघडला. यजमानांचा पलंग आतल्या खोलीत दाराशीच होता, तिथून त्यांना पडवी दिसायची. ते मान वळवून बघत होते.

"काकू, ड्रम फिरून राह्यला म्हणजे मोटर चांगली हाये," तो म्हणाला. "हिटरले करंटच जाऊन नाई राह्यला. हे पाहा, हे छोटंसं हाये ना, हे कटआउट. लय गरम झालं की हे जळते अन् हिटर बंद पडते. हे गेलं."

"मंग नवीन टाकून द्या."

"इकडे नाई भेटत. मागवा लागते, आठ दिवस तरी. पण त्याची गरज नाई. मी दोन वायर जोडून डायरेक्ट करून देतो. पाच मिनिटाचं काम. आत्ताच गरम होईन."

मी दोरीवरच्या चादरींकडे पाहिलं. खरं सांगते, त्या क्षणी मला तेच पाहिजे होतं. आठ दिवस माझ्याकडे नव्हते. मी हो म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आतून आवाज आला.

"बरोबर! बरोबर! बरोबर!"

मेकॅनिक हसला. "पाहा, काका पण बरोबर म्हणून राह्यले."

मी वळले. ते डाव्या हाताने पलंगाचा लोखंडी दांडा आपटत होते. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यांचा तो शब्द मी शंभर तऱ्हांनी ऐकला होता, असा कधी ऐकला नव्हता.

आणि मला दालमिल आठवली.

बारा-तेरा वर्षं झाली असतील. एका दालमिलची मोटर सारखी बंद पडायची. मोटर फार तापली की तिचा करंट तोडणारा एक स्विच असतो, तो वारंवार पडत होता. सीझन होता, मालक मागे लागला, डायरेक्ट करून द्या, नंतर पाहू. यांनी तो स्विच काढून तारा थेट जोडून दिल्या. तिसऱ्या दिवशी मोटर पेटली. जवळच्या पोत्यांनी पेट घेतला. दाळ निवडणारी एक बाई पोती ओढायला धावली आणि तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. यांना कोणी बोल लावला नाही, सगळ्यांनी शॉर्टसर्किट म्हणून सोडून दिलं. पण त्या दुपारी ते घरी आले, मोरीवर बसून हात धूत राहिले, आणि मी टॉवेल घेऊन गेले तेव्हा म्हणाले, "माह्या हातानं झालं."

त्या बाईचं गाव गिरडच्या बाजूला होतं. तिच्या पट्ट्या सुटेपर्यंत ते दर आठवड्याला तिकडे जाऊन आले. तिथे काय बोलणं व्हायचं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दुकानात मात्र स्वतःच्या हाताने लाल रंगात एक पाटी लिहून लावली: डायरेक्ट करून मिळणार नाही. गिऱ्हाइकं हसायची. काही दुसऱ्या दुकानात जायची. पाटी तशीच राहिली.

मी मेकॅनिकला म्हटलं, "दादा, राहू द्या. पत्रा लावून टाका."

"काऊन काकू? सगळेच करते. काही होत नाई."

"ते नाई म्हणून राह्यले."

त्याने आत पाहिलं, मग माझ्याकडे. "ते तं बरोबर म्हणते."

"ते नाई म्हणते," मी म्हटलं.

त्याला काही कळलं नाही, पण भला माणूस होता. जळलेला भाग काढून माझ्या हातात दिला. "याच्यावरचा नंबर पोरीले पाठवा," म्हणाला आणि गेला. मी पलंगापाशी गेले. त्यांचा श्वास अजून लागत होता. मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, "नाई करत जी डायरेक्ट. नाई करत." हळूहळू त्यांची मूठ सैल झाली.

त्याच संध्याकाळी मी त्या तुकड्याचा फोटो मुलीला पाठवायला काढत होते, तर त्यांनी दोन बोटं वर केली. मला वाटलं, दोन दिवसांत येईल का विचारतात. मग त्यांनी तुकड्याकडे बोट दाखवलं आणि पुन्हा दोन बोटं. मी मुलीला सांगितलं, "बाबा म्हणतात दोन पाठव." तिने मला ते पुन्हा म्हणायला लावलं. बाबा म्हणतात, हे तिने फार दिवसांनी ऐकलं होतं.

पार्सल सहाव्या दिवशी आलं. ते सहा दिवस कसे काढले ते सांगत नाही. शेजारच्या तीन घरांतल्या सुती साड्या मागून आणल्या, फाडून अंथरल्या. मेकॅनिकला फोन केला, तर तो कामावर नागपूरला गेलेला. मी पुडकं घेऊन त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, "मी लावू का?"

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग डाव्या हाताने दुकानाकडे बोट केलं. मी जाऊन पेचकस आणला. मान हलली, नाही. पक्कड आणली, नाही. मग मला समजलं. फळीवरून मीटर काढून आणलं, तेव्हा ते म्हणाले, "बरोबर," आणि या वेळी ते खरंच बरोबर होतं.

त्यांना व्हीलचेअरवर बसवून पडवीत नेलं. मी पेचकस हातात घेतला तर त्यांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली आणि प्लगकडे पाहिलं. मी प्लग उपसला. त्यांनी हात पुढे केला. प्लग त्यांच्या हातात दिला आणि माझं काम होईपर्यंत त्यांनी तो मुठीत धरून ठेवला. त्यांच्या हातात प्लग आहे म्हणजे आत करंट नाही, एवढं मला कळत होतं. मग मला भीती वाटली नाही.

पत्र्याचे आठ स्क्रू. शिलाई मशीन उघडायची मला सवय आहे, स्क्रू काढले त्याच क्रमाने ताटलीत मांडले. ते बघून त्यांच्या भुवया वर गेल्या. मीटरच्या दोन सुया त्यांनी मला आधी एकमेकींना टेकवायला लावल्या. मीटर टीं करून वाजलं. म्हणजे आधी मीटर चांगलं आहे का पाहायचं. मग जुन्या तुकड्याच्या दोन टोकांना, शांत. नव्याच्या टोकांना, टीं. नंतर त्यांनी बोटाने हिटर दाखवला. त्याच्याही दोन टोकांना सुया लावल्या, आकडा आला. त्यांनी मान डोलावली. हिटर शाबूत होता.

एकतीस वर्षांत त्यांनी मला जे दाखवलं नव्हतं ते त्या अर्ध्या तासात एका बोटाने दाखवलं. मी तुकडा बसवला, वायरी खोचल्या, पत्रा लावला. त्यांनी प्लग परत दिला. दहा मिनिटांनी दार उघडलं तर आतून ऊब आली. मी त्यांचा डावा हात ओढून दारापाशी नेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिसऱ्या वेळेला लावला तेव्हा हवा पुन्हा गार झाली.

मी पडवीत खाली बसले आणि रडले. त्यांच्यासमोर तोवर मी रडले नव्हते. तेवढ्यात त्यांनी ओठ पुढे काढले आणि फुंकर मारली. "फू." अर्ध्या तोंडातून हवा निघून जायची, आवाज जेमतेम यायचा. व्यायाम शिकवायला येणाऱ्याने त्यांना कागदाचा तुकडा फुंकून उडवायला सांगितला होता, मला वाटलं तेच करतात. मी डोळे पुसून कागद आणला. त्यांनी कागद ढकलून दिला. "फू." मग वाटलं, गरम होत असेल, पंखा लावला. मग चहा गार करून दिला. सगळ्याला नाही. शेवटी त्यांनी डोळे मिटले आणि दमून मान टाकली.

मी स्वतःला त्यांच्या जागी ठेवून विचार करायला लागले. दोन तुकडे कशाला मागवले? त्यांना माहीत होतं, तुकडा असा आपोआप जळत नाही, काहीतरी त्याला जाळतं. मग आधी ते शोधायचं. फू म्हणजे हवा. हवा जाते कुठून?

मी छत्री घेऊन घराच्या मागच्या बाजूला गेले. भिंतीतून पाइपचं तोंड बाहेर आलं होतं. त्या तोंडाला मच्छरदाणीच्या कापडाची एक टोपी बसवलेली होती. ती मीच शिवली होती. पाली आणि उंदीर आत शिरू नयेत म्हणून, दुहेरी कापड, कडेने इलास्टिक, बारीक टाके. बसवली त्या दिवशी मला तिचा अभिमान वाटला होता. आता तिच्या आत कपड्यांच्या त्याच कापसाचा जाड, ओला थर बसला होता, नमद्यासारखा. बोट घातलं तर पलीकडे जाईना. हवेला बाहेर जायला वाटच नव्हती. गरम हवा आतल्या आत कोंडत होती, म्हणून तो तुकडा जळत होता. आणि त्या दिवशी डायरेक्ट केलं असतं, तर ती कोंडलेली आग थांबवायला काहीच उरलं नसतं. पलंग पडवीला लागून होता. स्वतः उठून पळू न शकणारा माणूस त्या पलंगावर होता.

मी ती टोपी काढली आणि पावसात तशीच उभी राहिले. मग आत जाऊन ती त्यांच्या मांडीवर ठेवली. "मी शिवली होती," म्हटलं. "माह्या हातानं झालं."

बोलून गेल्यावर ध्यानात आलं की हे वाक्य त्यांचं होतं. त्यांनी टोपी उलटी केली, बोटाने थर खरवडला, टाके पाहिले. मग डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. माझे केस ओले होते, आणि ते बोटांनी ते केस झटकत राहिले, लहान मुलीचे झटकावेत तसे.

दुसरा तुकडा मी एकटीने बसवला. प्लग त्यांच्याच हातात होता. पाइप काढून आतून काठीला कापड गुंडाळून साफ केला, आणि तोंडाला मोठ्या भोकांची लोखंडी जाळी लावली. दर रविवारी ती उघडून बघायची, हे मी नेमाने पाळलं. ड्रायर पुन्हा बंद पडला नाही. दिवाळीच्या आत जखम भरली. नर्सबाई म्हणाल्या, आता मी नाही आले तरी चालेल.

दिवाळीनंतर मी दुकानाचं शटर वर करायला लागले. गिऱ्हाइकासाठी नव्हे, त्यांना रस्ता दिसावा म्हणून. त्यांना खुर्चीत पुढे आणून बसवायची आणि मी शेजारी काजबटणं करत बसायची. एक दिवस मागच्या गल्लीतली बाई मिक्सर घेऊन आली. तिला माहीत होतं की दुकान बंद आहे, तरी आली. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मीटरकडे पाहिलं. त्या दिवसापासून इस्त्र्या, मिक्सर, टेबलपंखे येऊ लागले. मी उघडायची, ते बोट दाखवायचे. कधी मला आधीच कळायचं आणि मी त्यांच्याकडे न बघता सुई योग्य जागी टेकवायची, तेव्हा ते खोकल्यासारखं हसायचे. मोठ्या मोटरी आम्ही घेत नव्हतो, त्या माझ्याने झाल्या नसत्या. लग्नानंतर इतके तास आम्ही एकमेकांजवळ कधी बसलो नव्हतो, आणि हे मला तेव्हाच कळत होतं. नंतर आठवून कळलेलं नाही.

माघात, दुपारचं जेवण झाल्यावर, त्यांना दुसरा झटका आला. या वेळी दवाखान्यापर्यंत पोचलो नाही. मुलगी आली, चौदा दिवस राहिली, आणि मला पुण्याला चल म्हणाली. मी म्हटलं, पाहू. अजून पाहतेच आहे.

नंतरही काही दिवस बायका वस्तू घेऊन येत राहिल्या. एकीची इस्त्री मी दुरुस्त करून दिली, तिची फक्त वायर तुटली होती. एक पंखा दिला. मग एक मिक्सर आला, तो मी तीनदा उघडला. सगळीकडे मीटर वाजत होतं, तरी तो फिरत नव्हता. मी वर मान करून शेजारी पाहिलं, सवयीने. मग स्क्रू लावले, तो पिशवीत भरला आणि संध्याकाळी बाई आली तेव्हा तिला सांगितलं, "हा माह्यानं नाई झाला, हिंगणघाटले घेऊन जाजो."